तांदळातलं नाव, पासपोर्टातलं नाव

बाईला नावं ठेवायला आपल्याकडे सगळेच तयार असतात. मी हे अगदी शब्दशः म्हणतेय हं! बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करून एक नाव ठेवते. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं दुसरं नाव लिहितो. रेशन कार्ड लिहिणारा कारकून त्या नावापुढे 'बाई' चिकटवतो, मतदार यादीवाला त्यातला एखादा काना गिळतो. पुरुषांचं बघा. बारशाला जे नाव मिळालं, तेच शाळेत, तेच नोकरीत, तेच पेन्शनच्या कागदावर.

एरवी यानं आपलं काही अडत नाही. सासरी एक नाव, माहेरी एक, म्हणून काही चूल पेटायची राहत नाही. अडतं ते एका ठिकाणी. पासपोर्ट काढताना! कारण पासपोर्ट हा असा कागद आहे, की तो तुम्हाला सरळ विचारतो, बाई, तुम्ही नेमक्या कोण?

माझ्यावर ही वेळ आली ती साठी उलटल्यावर. २०२३ च्या संक्रांतीच्या सुमाराला जर्मनीहून लेकीचा फोन आला. ती आणि जावई श्टुटगार्टला असतात. "आई, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय डॉक्टरांनी. तू येशील ना?" लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं जायचं नाही तर कुणी? "येते की!" म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, आपल्याकडे पासपोर्टच नाही. कऱ्हाडच्या पुढे आमची धाव पुण्या-मुंबईपर्यंत आणि एकदा काशीयात्रेपर्यंत. पासपोर्टची गरज पडलीच कधी होती?

जावयांनी फोनवर सगळा हिशेब समजावून सांगितला. जर्मनीसाठी लागतो तो शेंगेन व्हिसा. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा काढावा लागतो. पण या सगळ्याच्या आधी हातात पासपोर्ट हवा. म्हणजे एप्रिलअखेर पासपोर्ट, मग व्हिसा आणि जूनच्या सुरवातीला विमान, असं आम्ही ठरवलं. हातात पाच महिने होते. मला वाटलं, पुष्कळ झाले!

आमच्या ह्यांनी आणि मी बरोबरच अर्ज भरायला घेतले. ह्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव, तेच आधार कार्डावर, तेच पेन्शनच्या पुस्तकात. अर्ध्या तासात अर्ज संपला. पुढे पुण्याला जाऊन आले, पोलिस येऊन गेले, आणि बाविसाव्या दिवशी पोस्टमन दारात! माझा अर्ज मात्र दुसऱ्याच पानावर अडला.

अर्जात दोन प्रश्न असतात. एक, तुम्ही इतर कोणत्या नावानं ओळखल्या जाता का? आणि दोन, तुम्ही कधी नाव बदललं आहे का? मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी याला 'नाही' म्हणू शकतील?

माझ्यापुरतं सांगते. मी जन्मले ती सिंधू. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर सिंधू. १९८२ च्या मे महिन्यात लग्न झालं आणि तांदळावर 'अनुराधा' उमटलं. तेव्हापासून रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, पॅन, आधार, सगळीकडे अनुराधा, पुढे ह्यांचं नाव आणि सासरचं आडनाव. वडील गेल्यावर माहेरच्या सात-बाऱ्यावर वारस म्हणून लागली ती मात्र पुन्हा सिंधूच! आणि या दोन्ही बाया एकच आहेत, असं सांगणारा एकही सरकारी कागद घरात नव्हता. पंचवीस वर्षं मी बालवाडी चालवली. पोराचा जन्मदाखला आणा, नाव नीट लिहून आणा, म्हणून आयांच्या मागे लागण्यात माझी हयात गेली. त्यातल्या कितीतरी आया माझ्यासारख्याच दोन-दोन नावांच्या होत्या.

फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. तो म्हणाला, "काकू, कशाला डोक्याला ताप? 'नाही'वर टिक करू. शाळेचा दाखला दाखवूच नका. पॅन आणि आधारवर काम होऊन जातं." क्षणभर मोह झाला. कॅलेंडर समोर दिसत होतं. पण मन घेईना. एक तर ते खोटं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय, की जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरं सांगू? कायद्यापेक्षा मला दुसरंच काहीतरी टोचलं. सिंधूनं कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून दहावी काढली होती. वडिलांच्या खांद्यावर बसून यात्रा बघितली ती सिंधूनं. ती कधी नव्हतीच, असं मी एका टिकेसरशी कशी काय सांगू?

"बाळा, 'हो'वर टिक कर," मी म्हटलं, "काय कागद लागतील ते आणते."

मग सुरू झाली कागदांची वारी. आधी लग्नाची नोंद करायची ठरली, कारण आमची ती झालेलीच नव्हती. आमच्या पिढीत कोण करत होतं? मांडव, अक्षता, वरात, झालं लग्न! पण महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा आहे, १९९८ चा, आणि जुन्या लग्नाचीही उशिराचं शुल्क भरून नोंद होते, हे मला या निमित्तानं कळलं. तीन साक्षीदार हवेत. भटजींची सही हवी. भटजीबुवा जाऊन वीस वर्षं झालेली, त्यासाठी प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीला माझा भाऊ आला, धाकटे दीर आले आणि शेजारच्या मावशी आल्या. वऱ्हाडात त्यांनी जिलब्या वाढल्या होत्या, हे त्यांनी नोंदणी कारकुनाला न विचारताच सांगितलं!

लग्नपत्रिका मात्र सापडेना. अखेर सासूबाईंच्या जुन्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत ती मिळाली. हळद लागलेली, कडेनं कुरतडलेली. वर छापलेलं, चि. सौ. कां. सिंधू. आणि शेजारी ह्यांचं नाव. सिंधूचं आणि ह्यांचं नाव एकत्र असलेला घरातला तो एकुलता एक कागद. सासूबाई हयात नाहीत, पण त्यांनी ती पत्रिका जपली होती म्हणून माझं पुढचं सगळं झालं.

लग्नाचा दाखला मिळाला, पण त्यावरून आडनाव बदलल्याचं कळतं. पाळण्यातलं नावच बदललंय, त्याला पुरावा? त्यासाठी सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणायचा ठरला. अर्ज ऑनलाइन, सोबत जुन्या-नव्या नावाचे पुरावे. जुनं नाव, नवं नाव आणि कारण, असं एका ओळीत छापून येतं. कारण काय? तर 'विवाहामुळे'. चाळीस वर्षांपूर्वी तांदळात एका मिनिटात जे झालं, ते शाईत उमटायला पाच आठवडे लागले. राजपत्राचं ते पान उघडलं आणि बघतच राहिले. माझ्या वर-खाली बायकांचीच नावं. सुमनची सुप्रिया, शकुंतलाची शुभांगी... एकेका ओळीत एकेकीचं माहेर!

एप्रिलच्या मध्याला सगळा गठ्ठा घेऊन अपॉइंटमेंट घेतली, ती मिळाली तीन आठवड्यांनंतरची. पहाटेच्या एसटीनं पुणं गाठलं. पासपोर्ट सेवा केंद्राची मला धास्ती होती, ती मात्र फुकट गेली. टोकन मिळतं, समोरच्या पडद्यावर नंबर येतो. 'ए' खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. 'बी'वर पासपोर्ट खात्याचे अधिकारी कागद तपासतात आणि 'सी'वर शेवटचा निर्णय होतो. माझं घोडं आधी ठशांवर अडलं. इतकी वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. तिथल्या मुलीनं ओल्या रुमालानं बोटं पुसायला लावली, हलकेच दाबून धरली, तेव्हा तिसऱ्या खेपेला ठसे उमटले. "आजी, सगळ्याच काकू-आज्यांचं असं होतं," ती म्हणाली.

बाकावर शेजारी दोघी बसल्या होत्या. एक बारामतीकडची, मुलाकडे दुबईला निघालेली. दुसरी नातवंडांसाठी अमेरिकेला. बोलता बोलता जन्मतारखा निघाल्या आणि तिघींचीही निघाली १ जून! गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. आम्ही इतक्या हसलो, की सुरक्षारक्षकानं वळून बघितलं.

'बी' खिडकीवर एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी एकेक कागद उलटून पाहिला.

"सिंधू कोण?"

"मीच."

"आणि अनुराधा?"

"तीही मीच."

राजपत्र, लग्नाचा दाखला, बोर्डाचं प्रमाणपत्र त्यांनी शेजारी शेजारी मांडलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, खरं ते लिहिलंत. बऱ्याच जणी लपवतात आणि मग पुढे कुठेतरी अडकतात." मग पुढचा प्रश्न आला. "आईचं नाव?"

मी गप्पच झाले. कारण आईलाही दोन नावं. माहेरची गोदावरी, सासरची सरस्वती, आणि अख्खा गाव तिला हाक मारायचा 'आक्का'. तिच्या नावानं ना शेत, ना घर, ना बँकेचं खातं. तिचं नाव असलेला एकच कागद माझ्याकडे होता, तिच्या मृत्यूचा दाखला. त्यावर होतं, सरस्वती. तेच सांगितलं.

मे संपता संपता पोलिस पडताळणी झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पीड पोस्टानं पासपोर्ट आला. निळं पुस्तक, छत्तीस पानं. पहिल्या पानावर मी. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, त्याखाली आईचं, त्याखाली ह्यांचं. आईचं नाव सरकारी कागदावर छापलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होते. पहिल्यांदा बघितलं ते ती गेल्यावर.

पुढे व्हिसाची तारीख मिळाली, ती जूनच्या मध्यावरची. व्हिसा हातात आला तेव्हा ४ जुलैची तिकिटं मिळाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख, म्हणजे वेळेत पोचणार होते मी. पण बाळाला कुठे कॅलेंडर कळतंय? २६ जूनच्या रात्री जावयांचा फोन आला, "आई, मुलगी झाली." दोन आठवडे आधीच! लेक तिकडे परक्या गावात, आणि मी इकडे डिंकाच्या लाडवांचे डबे भरत बसलेले. तिकडे बाळंतिणीला घरी येऊन बघणारी सुईण असते, विम्यातून तिचा खर्च होतो, ती चांगलीच होती म्हणे. पण पहिल्या रात्री लेक रडत फोनवर म्हणाली, "आई, बाळ रडलं की काय करायचं गं?" त्याचं उत्तर फोनवर देता येतं का? पाचवी झाली, सटवाईनं नशीब लिहिलं, तेव्हा मी अजून कऱ्हाडातच होते. ते नऊ दिवस काही मला परत मिळायचे नाहीत.

बारशाला मात्र पोचले. बाराव्या दिवशी, जुन्या साडीची झोळी बांधून, मीच आत्याची भूमिका करत कानात कुर्र केलं. बाळाच्या जन्माची नोंद तर तिथं आठवड्याच्या आतच करावी लागते, ती झालेली होती. सप्टेंबरात बाळाचाही पासपोर्टचा अर्ज म्युनिकच्या भारतीय वकिलातीत गेला. आजी एकसष्टाव्या वर्षी, नात तिसऱ्या महिन्यात, दोघींचा पहिला पासपोर्ट एकाच वर्षातला! लेकीनं अर्ज भरताना आईच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. तेच, जे तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे. लग्नात तिनं तांदळावर जावयांना तिचं आहे तेच नाव लिहायला लावलं होतं. तेव्हा आमच्याकडे थोडी कुजबुज झाली होती. आता कळतं, पोरगी किती दूरचं बघत होती. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात नाही. तो आपला रिवाज. हौसेनं बदलायचं तर खुशाल बदलावं, पण मग त्याचा कागदही त्याच वेळी करून ठेवावा.

हे सगळं लिहिलं ते घाबरवायला नाही. उलट काळ पुष्कळ सोपा झालाय. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले. आता प्रत्येक विवाहितेला लग्नाचा दाखला द्यावा लागत नाही. आई-वडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं, म्हणजे एकट्या आयांची आणि घटस्फोटितांची मोठीच सोय झाली. अर्जासोबतची निवेदनं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं चालतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना मात्र जन्मदाखलाच लागतो. आपल्यासारख्यांना शाळेचा दाखला, पॅन कार्ड असे पर्याय आहेत. छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. साठी ओलांडलेल्यांना पहिल्या पासपोर्टच्या फीत दहा टक्के सवलत, म्हणून मला १३५० च पडले. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा! पन्नाशी उलटलेल्यांचं शिक्षण दहावीपेक्षा कमी असलं, तरी पासपोर्टवर परदेशी नोकरीच्या तपासणीचा शिक्का लागत नाही. अर्ज मात्र सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. नावाशी मिळत्याजुळत्या बनावट साइट्स पुष्कळ आहेत. कोणते कागद लागतील, हे विचारायची सोय तिथंच आहे, तीही वापरा.

पासपोर्ट दहा वर्षं चालतो. तेव्हा लेकीचा फोन येईपर्यंत, मुलाची नोकरी लागेपर्यंत वाट बघू नका. 'मला कुठे जायचंय परदेशी?' असं म्हणू नका. आज दुपारी मागचं आवरून झालं, की कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा. शाळेचा दाखला, आधार, पॅन, पासबुक, लग्नपत्रिका असेल तर तीही, सगळं शेजारी शेजारी मांडा. आणि बघा बरं, त्या सगळ्या कागदांवर तुम्ही एकच बाई आहात का? नसाल, तर त्या दोघींची गाठ घालून देणारा कागद आत्ताच करून घ्या. आणि ते करताना आईचं खरं नाव काय होतं, तेही कुणा मामा-मावशीला विचारून लिहून ठेवा. पुढे विचारायला माणूस उरत नाही.